धोंड्याच्या महिन्यातली शर्यत

उन्हाळ्याच्या शेवटी भाटघर धरणाच्या पाण्याला काठ नसतो, चिखल असतो. त्या चिखलात आम्ही सगळे स्पर्धक पोहण्याच्या कपड्यांत उभे होतो आणि वर मांडवात दीपप्रज्वलन चाललं होतं. वारा समई लागू देत नव्हता. प्रमुख पाहुणे काडीमागून काडी ओढत होते. शेवटी एका कार्यकर्त्याने दोन्ही हातांचा आडोसा केला, वात पेटली, फोटो निघाला आणि समई विझली. ती पुन्हा लावायची गरज कुणालाच वाटली नाही. मग पाहुणे व्यायामाच्या महत्त्वावर बोलले. बोलायला उठताना त्यांना दोघांनी हात दिला होता.

एरवी असले सोहळे मी चवीने बघतो. त्या दिवशी मात्र माझं सगळं लक्ष उजव्या गुडघ्याकडे होतं. डॉक्टरांनी महिनाभर आधी त्याचा फोटो उजेडात धरून दाखवला होता. हाडांमधली गादी झिजली आहे, म्हणाले. "एवढी एक शर्यत हवी तर करा, पण यानंतर पळणं विसरायचं. आणि मधे कुठे बसू नका. तापलेला गुडघा एकदा थंड पडला की तुमचं ऐकायचा नाही."

म्हणजे ही शेवटची. आधी दोनदा उतरलो होतो. पहिल्या वेळी पोहताना पोटरीत गोळे आले, दुसऱ्या वेळी उन्हाने ओकून रस्त्याच्या कडेला पडलो. पन्नाशीच्या माणसाला कुणी शर्यत पळायला सांगितलेलं नसतं, हे मला कळतं. पण शिक्षण, नोकरी, लग्न, बदली या गोष्टी माझ्या बाबतीत घडत गेल्या. मी स्वतः ठरवून शेवटपर्यंत नेली अशी एकही गोष्ट नव्हती. ही एक न्यायची होती.

पोहून झालं की सायकल. भोरहून कापूरहोळ, पुढे नसरापूर, मार्गासनी, वेल्हे आणि त्याच वाटेने परत. ठरलेल्या वेळेच्या आत सायकल भोरला पोचली तरच पुढे पळायला सोडायचे, नाहीतर शर्यत तिथेच संपली.

मार्गासनी ही माझी सासरवाडी. आणि चालू होता अधिक महिना, म्हणजे आमच्याकडचा धोंड्याचा महिना. तीनेक वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावयाला घरी बोलावून पाय धुवायचे, कपडे करायचे, तेहतीस अनारसे द्यायचे. महिनाभरापुरता तो विष्णू असतो. मला विष्णू व्हायला वेळ नव्हता. सराव होता, गोड बंद होतं. सासऱ्यांचे फोन मी पुढे ढकलत राहिलो.

"जावईबापू, महिना सरत आला की."

"शर्यत झाली की येतो, मामा."

"शर्यत झाल्याव महिना ऱ्हातोय व्हय?"

बायकोने फोन घेतला आणि आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बोलत बसली. शर्यत त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी होती.

पोहणं पार पडलं. सायकलवर जाताना मार्गासनीत रस्त्याच्या कडेला मांडव घालणं चाललेलं दिसलं. कुणीतरी माईकवर "हॅलो, हॅलो" करत होतं. कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस असणार. एवढ्या उन्हात लोकांना उभं करायची यांची हौस फिटत कशी नाही, असं मनात म्हणत मी मान खाली घालून निघून गेलो.

वेल्ह्याला वळलो तेव्हा घड्याळ पाहिलं. वेळ हातात होता. भरपूर नव्हता, पण होता. गुडघा कुरकुरत होता, पण फिरत होता. परतीला उतारही बरेच. तोरण्याकडे पाठ करताना मला पहिल्यांदा वाटलं, की हे होईल. आपल्या हातून होईल. त्या अर्ध्या तासाइतका सुखात मी नंतर कधी नव्हतो.

मार्गासनीत आता रस्त्यावरच माणसं उभी होती. मांडवावर फ्लेक्स लागला होता आणि त्यावर माझा फोटो होता, लग्नातला, मिशीसकट. माझ्या डोक्याभोवती गावातल्या सगळ्या मान्यवरांची डोकी होती, माझ्याहून मोठी. खाली लिहिलं होतं, 'आमच्या गावचे लाडके जावई यांनी खडतर स्पर्धा यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'.

"दाजी, ब्रेक मारा!" मेहुणा आडवा आला.

"परत येतो. वेळ नाही रे, खरंच."

"दोन मिंटं. आवो, बापू सकाळपास्नं उन्हात हायेत."

सासरे खरोखरच रस्त्याच्या मधोमध उभे होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बांधून तयार फेटा. ऐंशी ओलांडलेला माणूस. त्यांना वळसा घालून जाता आलं असतं. रस्ता तेवढा रुंद होता.

मी उतरलो.

"हितं बसा," सासरे म्हणाले.

"मामा, उभ्यानेच करा. बसायचं नाहीय मला."

"उभ्यानं कुणी पाय धुतं व्हय? बसा, बसा."

खुर्चीत बसलो. मेहुण्याने बूट काढले, सासूबाईंनी पाय परातीत घेतले. माठातलं गार पाणी होतं. इतकं बरं वाटलं की मला भीती वाटली. मागे बायकांत खसखस पिकली.

"जावई निस्त्या चड्डीवर आलंय गं!"

"म्हून तर कापडं करायची पद्धत हाय. पांघरा की वो काय तरी!"

शर्ट-पँटचं कापड माझ्या मांडीवर पडलं, डोक्यावर फेटा बसला, ओवाळणं झालं. मग माईकवर गावातले एक जण बोलले. जावयांनी पोहण्यात, सायकलीत आणि पळण्यात तालुक्याचं नाव मोठं केलं, म्हणाले. पळणं अजून व्हायचं होतं, पण त्यांना अडवणार कोण? सासऱ्यांनी अनारसा मोडून स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घातला. त्या दोन म्हाताऱ्या माणसांचे चेहरे इतके समाधानी होते की मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

उठलो तेव्हा गुडघा उठला नाही.

दोघांनी धरून सायकलवर बसवलं. सकाळच्या प्रमुख पाहुण्यांची आठवण झाली. टाळ्या वाजल्या. पुढचा रस्ता मी जवळजवळ एका पायाने कापला. नसरापुरात मागचे सगळे मला ओलांडून गेले. कापूरहोळला चौकात ट्रकवाल्याने हॉर्न दिला, तेव्हा कळलं की आपण रडतोय. भोरमध्ये शिरलो, तर कमान दिसत होती आणि तिच्याखाली शिट्टी घेऊन उभी असलेली स्वयंसेवक मुलगी माझ्याकडे बघून मान हलवत होती.

"सर, वेळ संपली. आत्ताच संपली."

तिने वाकून माझ्या पायातली वेळ मोजणारी पट्टी सोडवली. तो पाय अजून स्वच्छ होता.

बायको टॉवेल घेऊन आली. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "थांबलात ना पण? बापू वाट बघत होते." मी हो म्हटलं. मार्गाचा नकाशा तिनेच माहेरी पाठवला होता. तिला वाटलं होतं, वाटेवरच तर आहे.

दिवाळीत मार्गासनीला गेलो. गुडघा आता वाकत नाही, म्हणून मला खुर्ची देतात. ओट्यावर खुर्चीत पाय पसरून बसलो होतो. समोर गोठ्याजवळ पेंढ्याच्या गंजीवर तो फ्लेक्स टाकलेला होता. पावसाने माझा चेहरा गेला होता, अक्षरं शाबूत होती. शेजारचे एक पाहुणे आले, तेव्हा सासऱ्यांनी काठीने माझ्याकडे दाखवलं.

"आमचं जावई. पवणं, सायकल, पळणं, तिन्ही पुरं केलं."

"लई झालं की वो ह्या वयात," पाहुणे म्हणाले. "आता फुडच्या वर्षी?"

"बघू," मी म्हणालो.

सासूबाईंनी आतून चहा पाठवला. तो निवेपर्यंत मी त्या गंजीकडे बघत बसलो.