मामंजींना सोसणारा आवाज

माझ्या सासऱ्यांइतकं कमी ऐकू येणारा माणूस अख्ख्या देवगड तालुक्यात नव्हता, आणि आवाजाचा त्यांच्याइतका त्रास होणाराही नव्हता. नवी सून म्हणून मी बेळगावहून विजयदुर्गाला आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी मला याचा प्रसाद मिळाला. सासऱ्यांसमोर हळू बोलायचं, असं आईने बजावून पाठवलेलं. मी कप पुढे केला आणि पुटपुटले, "मामंजी, चहा." "काय?" "चहा आणलाय." "काय?" तिसऱ्यांदा मी धीर करून मोठ्याने सांगितलं, तर हातातला कप सोडून ते दोन्ही कान झाकत ओरडले, "बोंबलतंस कित्याक गो? मी काय बहिरो?" कप फुटला. त्या आवाजाने ते पडवीतून जे उठले ते थेट धक्क्यावर.

तरुणपणापासून त्यांनी आगबोटींच्या इंजिनखान्यात तेलवाल्याचं काम केलेलं. आपले कान शाबूत आहेत, लोकांनाच बोलायचं कळत नाही, अशी त्यांची खात्री होती. अर्धे लोक शब्द चावून खातात आणि उरलेले अर्धे तोफा डागतात. आमच्याकडे पातेली गोणपाटावर ठेवून घासायची. नारळ पाडायचे असले की मामंजी आधी गावाबाहेर जाऊन बसायचे. गणपतीच्या आरतीला झांजा वर्ज्य, नुसत्या टाळ्या, त्याही बोटांनी. उलट ज्या समुद्राच्या गाजेने माझ्या माहेरच्या माणसांची झोप उडाली, त्याबद्दल ते सहज म्हणाले, "हल्ली दर्या गपच आसा."

माझ्या यजमानांनी त्यांना मुंबईला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, यांच्या कानातले बारीक तंतू इंजिनाच्या आवाजाने मेले आहेत. हलका आवाज मेंदूपर्यंत पोचतच नाही. पण जरा वाढून पोचला की मेंदूला तो पुरा मोठा वाटतो. मधली जागा फार थोडी उरली आहे. घरी आल्यावर मामंजींनी निकाल दिला, "डागतर बरो माणूस. हळू बोलता. एक अक्षर समाजला नाय."

ती मधली जागा फक्त सासूबाईंना सापडली होती. त्या समोर उभ्या राहत, आवाज चढवण्याऐवजी जाडसर करत आणि एकेक शब्द सुटा करून बोलत. मामंजी पहिल्या खेपेला ऐकत. मी चुलीपाशी बसून तो आवाज कानात साठवत असे.

आणि नेमक्या त्या माहेरी गेलेल्या असताना माझ्या धाकट्या नणंदेला बघायला नांदगावचे पाहुणे एक दिवस आधीच येऊन थडकले. मुलाचे वडील शाळामास्तर, वर्गात घुमवलेला आवाज. मुलीच्या बापाला ऐकू येत नाही, असं त्यांना एस.टी.तच कुणीतरी सांगितलेलं. त्यांनी अंगणातल्या खळ्यातूनच गर्जना केली, "नमस्कार!" मामंजींनी कान झाकले, पाठ फिरवली आणि परसदारी विहिरीपाशी जाऊन बसले. मास्तरांचा चेहरा उतरला. "आमचं येणं आवडलेलं दिसत नाही," म्हणून ते वहाणा शोधू लागले. दाराआड नणंद ओठ चावत उभी होती. मुलगा तिला पसंत होता, हे मला ठाऊक होतं.

यजमान बाहेरगावी, घरात कर्तं माणूस दुसरं कुणी नव्हतं. मी डोक्यावरचा पदर सावरून पुढे झाले, मास्तरांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तुम्ही बसा. मी त्यांना आणते." मग विहिरीपाशी जाऊन सरळ मामंजींसमोर उभी राहिले आणि सासूबाईंसारखा आवाज काढला. "मामंजी. पाहुणे. चांगले आहेत. चला."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "हो आवाज आधी खंय होतो?" म्हणाले, आणि उठले.

मास्तरही मानी होते, पण हुशार. दोन-तीनदा आवाज वर-खाली करून त्यांनी ती जागा पकडली, आणि मग कोकमाच्या सरबतावर दोघांच्या अशा गप्पा रंगल्या की मुलगी दाखवायची राहूनच गेली. शेवटी मीच तिला बाहेर आणलं. लग्न ठरलं.

लग्नात वाजंत्री नको, असं म्हणायला मात्र मामंजी तयार होईनात. "चेडवाचा लगीन मुक्यान कित्याक?" शेवटचं मंगलाष्टक सरलं आणि ढोल, ताशे, सनई एकदम उसळली. मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांचा एक हात लेकीच्या पाठीवर होता, दुसऱ्यात अक्षता. हात कानांपर्यंत गेले नाहीत. डोळ्यांतून धारा लागल्या, मानेच्या शिरा ताठल्या. पण ते उभे राहिले. लोक म्हणाले, बापाचं काळीज. मागाहून ते मला म्हणाले, "कसला काळीज? ताशेवालो अगदी कानाकडेच उभो होतो."

निघताना नणंद त्यांच्या पाया पडली आणि छातीला बिलगून काहीतरी बोलली. रडण्यात तिचे शब्द मलाही नीट कळले नाहीत. त्यांनी मान डोलावली, पाठीवरून हात फिरवला. गाडी धुळीत दिसेनाशी झाल्यावर माझ्याकडे वळून विचारलं, "काय सांगल्यान गो तिना?"

मी समोर झाले आणि जाड आवाजात म्हटलं, "चतुर्थीला येईन म्हणाली."

"तां बरा," म्हणाले. पण तिथून हलले नाहीत. वाजंत्रीवाले ढोल गुंडाळून चालू लागले होते, मुलं मांडवात थाळे आपटत होती, आणि ते रिकाम्या रस्त्याकडे बघत होते.

"आज जरा मोठ्यान सांगूक होया होता गो तिना," ते म्हणाले.