दोन्ही डीव्हीडींत नसलेली बायको

आमच्या धाकटीचा नवरा, म्हणजे माझे मेहुणे, एकतीस वर्षं एका सिनेमागृहाच्या प्रोजेक्टरखोलीत उभे होते. बसले नाहीत, उभेच होते. त्या खोलीत एकच स्टूल होतं आणि त्यावर तेलाचा डबा बसायचा. सगळे त्यांना ऑपरेटर म्हणतात. धाकटीसुद्धा चारचौघांत 'आमचे ऑपरेटर' म्हणते आणि घरात 'अहो'.

इतके सिनेमे चालवलेल्या माणसाला सिनेमातलं काही कळत असेल, असं कोणालाही वाटेल. काही कळत नाही. त्या काळी सिनेमा रिळांवर यायचा, एकेक रीळ वीसेक मिनिटांचं. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकायचा. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं आणि लोकांना पत्ता लागायच्या आत पडदा त्या मशीनच्या ताब्यात द्यायचा. ऑपरेटरांनी एकतीस वर्षं फक्त तो कोपरा पाहिला. एखाद्या सिनेमाची नायिका कोण होती असं विचारा, ते म्हणतील, "चौथ्या रिळाच्या शेवटी उजवीकडे पंखा फिरतो, तोच ना?"

सिनेमागृह बंद पडलं आणि हा माणूस घरात मोकळा सुटला. दोन महिने त्यांनी धाकटीच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मग डीव्हीडीचा नाद लागला तेव्हा ती सुटली. ओळखीपाळखीच्या लोकांकडचे जुने लांबलचक सिनेमे कोऱ्या डीव्हीडीवर उतरवून ठेवायचे, कारण मूळ डीव्हीडी खराब होतात. इथे एक गोष्ट समजून घ्या. मलाही ती तीनदा सांगावी लागली. दुकानातून आणलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीत जेवढं मावतं, त्याच्या जेमतेम निम्मं घरी भरायच्या साध्या डीव्हीडीत मावतं. दोन तासांच्या सिनेमाचं भागतं. चार तासांचा असला, तर एक तर दाबून एकीत कोंबायचा, नाहीतर दोघींत वाटायचा.

कोंबायचा प्रयोग त्यांनी एकदाच केला, तोही कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याच्या नादाने. "काका, बसवतो की एकीत, काही फरक पडत नाही," असं तो म्हणाला. घरी येऊन लावली तर नायकाच्या गालांवर चौकोन. धाकटी म्हणाली, "हा रडतोय की याची फरशी निघाली?" ऑपरेटरांनी ती डीव्हीडी तिथल्या तिथे मोडली, दुरुस्तीवाल्याला फरशीचं सुनावलं आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. तेव्हापासून त्यांचा कायदा एकच: दर्जा तसूभरही जाता कामा नये. डीव्हीड्या दोन लागोत, तीन लागोत. भरायचं तेही सगळ्यात कमी वेगाने, आणि तेवढा वेळ घरात मिक्सर लावायचा नाही. मिक्सरचा आणि दर्जाचा काय संबंध, हे मी विचारलं होतं. "धक्का बसतो, ताई," म्हणाले. कशाला, ते सांगितलं नाही.

आता धाकटीचं. ती कॉलेजात असताना एका सिनेमाच्या गर्दीत उभी राहिली होती. जहाज सुटतंय, धक्क्यावर माणसं हात हलवताहेत, त्यांत ही पिवळी छत्री घेऊन. चार सेकंद. या चार सेकंदांवर तिने पुढची चाळीस वर्षं काढली. नवऱ्याने तो सिनेमा स्वतः सहा आठवडे चालवला, पण बायको त्याला दिसली नाही; का, ते वर सांगितलंच आहे. सकाळी तिच्याबरोबर फिरायला येणाऱ्या बायकांत एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी एके दिवशी बागेत सगळ्यांसमोर म्हटलं, "बाई गं, रोज ऐकतो. एकदा दाखव तरी. पुराव्याशिवाय मी कोणाला पासही केलं नाही कधी."

धाकटी घरी आली ती पेटूनच. कपाटात त्या सिनेमाची डीव्हीडी होती, पण ती प्लेअरमध्ये घातली की मध्यावर येऊन अडकायची. वरचा थर सुटायला लागला होता. तिने ती ऑपरेटरांपुढे ठेवली. "रविवारी चार वाजता बायका येणार आहेत. मी दिसले पाहिजे."

"दिसशील," ऑपरेटर म्हणाले. "आणि स्पष्ट दिसशील."

दोन दिवस त्यांचा कॉम्प्युटर त्या डीव्हीडीवरून रखडत रखडत वाचत होता. डाळ निवडावी तसा मेहुण्यांनी एकेक तुकडा सोडवला. मग सिनेमा दोन डीव्हीड्यांवर चढवला. सहा रिळं पहिलीवर, सहा दुसरीवर. धक्क्याचा प्रसंग सातव्या रिळाच्या सुरुवातीला आहे, एवढं त्यांना आठवत होतं. मला मोठ्या अभिमानाने म्हणाले, "ताई, दुसरी डीव्हीडी मुद्दाम तिच्यापासूनच सुरू केलीय." शेवटी कॉम्प्युटरवरची फाइल पुसून टाकली. काम झालं की ओटा पुसायचा, हाही त्यांचा कायदा.

रविवारी मुख्याध्यापिका, फिरायच्याच गटातल्या नर्सबाई आणि आणखी दोघी आल्या. मी होतेच. दोन तास आम्ही मुकाट सिनेमा पाहिला आणि तो अगदी रटाळ होता, हे मला कोणीतरी चाळीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. चित्र मात्र आरशासारखं. नायिकेच्या पापण्या मोजून घ्या. अखेर लांबवर जहाजाचा भोंगा वाजला, धाकटी खुर्चीच्या टोकाला आली, आणि पहिली डीव्हीडी संपली. ऑपरेटर उठले. अकरा सेकंदांत दुसरी आत. पडद्यावर धक्का आला, पण जहाजावरून पाहिलेला: गर्दीच्या पाठी, परत निघालेली माणसं, आणि खूप मागे एक पिवळा ठिपका.

"ती छत्री," धाकटी म्हणाली.

"छत्री दिसली," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "छत्रीचं मी नाकारत नाही."

नर्सबाई भल्या. त्या म्हणाल्या, "पाठसुद्धा चांगली आहे हो." ती पाठ एका पुरुषाची होती.

बायका गेल्यावर धाकटीने कपबशा उचलल्या, धुतल्या, पुसल्या आणि मग विचारलं, "मी कुठे गेले?"

मेहुण्यांनी दोन्ही डीव्हीड्या पुन्हा लावून पाहिल्या. पहिली संपते कुठे, दुसरी सुरू होते कुठे. आणि मग हा माणूस पलंगावर बसला, म्हणजे काहीतरी भयंकर घडलं असणार हे मी ओळखलं.

झालं होतं असं. रिळाचं शेपूट सगळ्यात आधी फाटतं. शेवटचे काही हात फिल्म नेहमी ओरखडलेली, तुटून चिकटवलेली असायची. म्हणून त्यांच्या थिएटरात रिवाज असा, की शेपूट यायच्या आत चार-सहा सेकंद आधीच दुसऱ्या मशीनवर उडी मारायची. घाणेरडं दाखवायचंच नाही. डीव्हीडीवर ना रीळ, ना शेपूट, पण सिनेमाचे दोन तुकडे करताना कोपऱ्यात ठिपका चमकला आणि एकतीस वर्षांच्या हाताने आपलं काम केलं. सहाव्या रिळाचं शेपूट त्यांनी गाळलं. धाकटी त्या शेपटात होती.

"म्हणजे थिएटरातसुद्धा?" तिने विचारलं.

"रोज तीन खेळ," ऑपरेटर खाली बघत म्हणाले. "सहा आठवडे."

धाकटीने बोटांवर हिशेब केला. दर्जा तसूभरही न गमावता या गृहस्थाने अख्खी बायको गमावली होती, तीही सव्वाशे वेळा. मग ती म्हणाली, "काढा मला बाहेर. मूळ डीव्हीडी आहे ना?"

मूळ डीव्हीडी होती, पण आता कॉम्प्युटर तिला ओळखही दाखवेना. आत घेई, घरघर करी आणि बाहेर टाकी. ऑपरेटरांनी ती साबणाच्या कोमट पाण्याने धुतली, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली. नाही. धाकटी तीन दिवस त्यांना फक्त "जेवण वाढलंय" एवढंच म्हणत होती. चौथ्या दिवशी ते दुरुस्तीवाल्याच्या दारात जाऊन उभे राहिले. मी बरोबर होते, नाहीतर परत फिरले असते.

"काय काका, फरशी बसवायचीय?" तो म्हणाला.

"बायको काढायचीय," ऑपरेटर म्हणाले.

तो पोरकट असला तरी मनाने वाईट नाही. त्याने मागच्या खोलीतून विटेएवढा जुनाट ड्राइव्ह काढला. "नवे ड्राइव्ह नखरेल असतात. हा काहीही खातो," म्हणाला. ड्राइव्हने खरंच खाल्लं. "अख्खा सिनेमा नाही निघायचा, काका. किती हवाय?"

"चार सेकंद. पण दाबायचे नाहीत."

"चार सेकंद दाबून मी काय चटणी करू?"

दोघे शेजारी बसले. अर्ध्या तासाने पडद्यावर ती आली. गर्दीत मधोमध, पिवळी छत्री, सगळे जहाजाकडे बघताहेत आणि ही थेट कॅमेऱ्याकडे, तोंड उघडं टाकून. ऑपरेटर पुढे वाकले. दुरुस्तीवाल्याने पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. "काका, ठिपका कोपऱ्यात आहे," तो म्हणाला. "असू दे रे," ऑपरेटर म्हणाले. मी बाहेर जाऊन उभी राहिले. मला असल्या वेळी शिंका येतात.

ते चार सेकंद एका अख्ख्या कोऱ्या डीव्हीडीवर चढले, सगळ्यात कमी वेगाने. हजारपट जागा रिकामी. मिक्सर तरीही बंद.

पुढच्या रविवारी त्याच बायका आल्या. मुख्याध्यापिकांनी चष्मा बदलला, सहा वेळा लावायला सांगितलं, एकदा टीव्हीला नाक लावून पाहिलं. मग मागे टेकल्या. "तूच आहेस," त्या म्हणाल्या. "असं तोंड वासून फक्त तूच बघतेस. पास."

धाकटी नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, चहा टाका." आठवड्याभरात जेवणाव्यतिरिक्त तिने त्यांच्याशी काढलेला तो पहिला शब्द. ते इतके लगबगीने उठले की पाय टीपॉयला आपटला.

"आणि तिच्या डाव्या हाताला हे कोपर कोणाचं?" नर्सबाईंनी विचारलं.

"माझं," मी म्हटलं. "मीही गेले होते त्या दिवशी. माझ्या पुढ्यात एक उंच मनुष्य येऊन उभा राहिला."

मुख्याध्यापिकांनी चष्मा पुन्हा बदलला आणि माझ्या कोपराकडे पाहिलं.

"कशावरून?" त्या म्हणाल्या.