भरलेलं रक्त जातं कुठे

“खून कहीं बह नहीं रहा. अंदर ही टूट रहा है,” डॉक्टर इस्पितळातल्या माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले. त्यांच्या हातातल्या बाटलीत माझी लघवी होती, कोऱ्या चहासारखी काळपट.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही साताऱ्याकडचे. ह्यांची हवाई दलातली नोकरी, म्हणून लखनौला सरोजिनी नगरात राहत होतो. थंडीत कोळशाच्या अंगीठीपाशी बसले असताना माझ्या नायलॉनच्या साडीचा पदर पेटला. पाठ, मांड्या आणि डावा हात भाजला. पोलीस जबाब घेऊन गेले. घरच्यांनी काही केलं नाही, हे मी परोपरीने सांगूनही त्यांना पटलेलं दिसलं नाही.

डॉक्टरांचा शब्द होता हिमोलिसिस, म्हणजे तांबड्या पेशी फुटणं. आगीची धग कातडीखालच्या रक्तालाही लागते. पेशी फुटतात, त्यांतलं हिमोग्लोबिन लघवीत उतरतं आणि मूत्रपिंडांना त्रास देतं. म्हणून सलाईनवर सलाईन चालू होतं. लघवी हळूहळू निवळली. मला वाटलं, सुटले.

पण खरी भीती पुढेच होती. ड्रेसिंगला थोडं रक्त जाई, तपासणीला थोडं काढत. तेवढ्याने काही उलगडा होत नव्हता. ह्यांच्या युनिटमधली मुलं रक्त देऊन जायची, मला बाटली चढायची, हिमोग्लोबिन वाढायचं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा उतरायचं. वॉर्डात मुद्दामच आरसा ठेवला नव्हता. मी आपले तळहात बघायचे. ते पांढरेफटक, माझे वाटायचे नाहीत. वॉर्डात पंखे सुरू झाले होते आणि मी आणखी एक कांबळं मागत होते.

माझ्या आत कोणीतरी बसून पीत आहे, असं मला वाटायचं. तेही भर दुपारी, चांगली जागी असताना. बाटली संपत आली की ते आत कूस बदलायचं. हे मी कोणाला बोलले नाही. आधीच पोलीस, त्यात वेडाची भर कशाला.

दुसऱ्यांचं रक्त मला मानवत नाही का, असं मी डॉक्टरांना विचारलं. “खून तो अच्छा है, बहनजी. आपके बदन का माहौल ठीक नहीं,” ते म्हणाले. फार भाजलेल्या शरीरात धडधाकट माणसाच्या पेशीही लवकर मरतात, आणि हाडांतला मगज नव्या पेशी पुरेशा तयार करत नाही. हा बर्न ॲनिमिया. जखमा झाकल्या गेल्याशिवाय तो हटत नाही. जखमा झाकायला कातडी लावण्याचं ऑपरेशन हवं, आणि ऑपरेशनला रक्त हवं. मी मधल्यामध्ये अडकले होते.

अखेर रक्त पुरेसं वाढलं आणि ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी सिस्टरने लघवीची पिशवी उचलली आणि ती तशीच उभी राहिली. पिशवी लाल होती.

ऑपरेशन थांबलं. मी डोळे मिटून घेतले. आता काही मी वाचत नाही, हे मला कळून चुकलं. पदर पेटला तेव्हाही इतकी भ्यायले नव्हते.

नमुना तपासून आला. लघवीत रक्त नव्हतंच. डॉक्टर ह्यांच्याकडे वळले. “भाईसाहब, कल इनको क्या खिलाया?”

“चुकंदर, सर,” हे म्हणाले. “खून बढ़ाने के लिए.”

आदल्या संध्याकाळी हे डबाभर बिटाची कोशिंबीर घेऊन आले होते, दही आणि दाण्याचं कूट घालून, वर तांब्याभर बिटाचा रस. लाल ते रक्त वाढवणारं, हा आमच्याकडचा ठाम समज. मी चाटूनपुसून खाल्लं होतं, पण बिटाचा रंग लघवीत उतरतो, हे ती पिशवी बघून माझ्या ध्यानातच आलं नाही. डॉक्टर कपाळाला हात लावून हसले. ह्यांना हसू आलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून रडले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. कातडी धरली, आणि त्यानंतर चढवलेलं रक्त अंगात राहिलं.

तुमच्या घरी कोणी भाजलं असेल आणि भरलेलं रक्त उतरत असेल, तर धीर सोडू नका. डॉक्टरांना विचारा, आणि काय खाऊ घालता तेही सांगा. त्या मुलांच्या पेशी माझ्यात फार जगल्या नाहीत, पण मला ऑपरेशनपर्यंत त्यांनीच पोचवलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

आता अंगात आहे ते माझं स्वतःचं रक्त. तरी रोज सकाळी चहा देताना, वॉर्डात डॉक्टर रक्त बघायला दाबत तसं, हे माझ्या अंगठ्याचं नख दाबतात. नख पांढरं होतं. रंग परत येईपर्यंत आम्ही दोघंही बोलत नाही.