एकतीस दीपस्तंभ

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी वडूजला आई-अण्णांकडे राहून मिळतील ती लिहायची कामं करायचे. सांगलीच्या एका दिवाळी अंकाला लेख, कुणाच्या लग्नाला मंगलाष्टका, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मानपत्रं. औंधपासून फलटणपर्यंत कुणी गुरुजी निवृत्त झाले की त्यांचं मानपत्र माझ्याकडूनच जायचं. माझ्याकडे कॉम्प्युटर आहे, असं मी ऐटीत सांगायचे. तो सेकंडहँड होता आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त डुलक्या लागायच्या, ही गोष्ट वेगळी.

अण्णाही शिक्षक. त्यांच्या निवृत्तीला चार दिवस उरले आणि त्यांचं मानपत्र अर्थातच मी लिहायचं ठरलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच कॉम्प्युटरने कळवलं, डिस्कवर जागा नाही. मग काय, ओढणी खोचून सफाईला बसले.

फाइलींची नावं आठ इंग्रजी अक्षरांत कोंबावी लागत, त्यामुळे कशात काय आहे याचा मलाच पत्ता नव्हता. गुरुजी एक, गुरुजी दोन, गुरुजी नवे. एकेक उघडत गेले आणि कानशिलं तापली. एकतीस मानपत्रं, आणि नाव सोडलं तर सगळी एकच! प्रत्येक जण शांत, संयमी, मितभाषी. ज्या पी.टी.च्या सरांचा आवाज बाजारापर्यंत यायचा, तेही मितभाषी. आणि प्रत्येक जण दीपस्तंभ. आमच्या दुष्काळी मुलखात, जिथे निम्म्या लोकांनी समुद्र पाहिला नव्हता, तिथे मी एकतीस दीपस्तंभ उभे केले होते.

मला भयंकर लाज वाटली. अण्णांच्या ताटात हे शिळंपाकं वाढायचं नाही, असं ठरवून मी सगळीच्या सगळी पुसली. फ्लॉप्यासुद्धा कोऱ्या केल्या. मग दोन दिवस बसून नवीन लिहिलं.

मजकूर बघायला सत्कार समितीचे अध्यक्ष आले. फौजेतून परतलेले, आता शेती करणारे. वाचून त्यांनी डोकं खाजवलं.

"आवं ताई, नेहमीचंच लिवा की. टाळ्या कुठं वाजवायच्या ते लोकास्नी पाठ हाय."

मी कसली ऐकते!

समारंभात ते वाचलं गेलं. त्यात खरे अण्णा होते. बोलायला लागले की एसटी चुकवणारे. रागाने खडू फेकणारे, पण एकदाही नेम न लागलेले. नापास झालेल्या पोराच्या घरी संध्याकाळी जाऊन, त्याच्या आईच्या हातची भाकरी खात त्याला गणित शिकवणारे. खडूला लोक हसले. टाळ्या मात्र कुठे वाजवाव्यात ते कुणाला कळेना, शेवटी चुकतमाकत वाजल्या. मी खूश होते. याहून चांगलं मी काही लिहिलं नव्हतं. अण्णा आपल्या पायांकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानपत्राची फ्रेम कागदात गुंडाळलेलीच टेबलावर पडली होती. चहा देताना मी विचारलं, "अण्णा, आवडलं नाही का?"

"चांगलं आहे की. खरंच आहे सगळं." मग ते घुटमळले. "पण एवढी वर्षं पहिल्या रांगेत बसून दुसऱ्यांची मानपत्रं ऐकली गं. वाटायचं, एक दिवस आपल्यालाही कुणीतरी दीपस्तंभ म्हणेल."

लोकांना सढळ हाताने वाटलेलं मी घरच्याच माणसाला नाकारलं होतं, तेही मोठा शहाणपणा समजून.

"मी ती सगळी पुसून टाकली हो," मी म्हणाले.

"मग काय झालं? मला पाठ आहे."

ते खुर्ची ओढून कॉम्प्युटरजवळ बसले आणि वर्गात शुद्धलेखन घालावं तसं सांगू लागले. शांत, स्वल्पविराम, संयमी, स्वल्पविराम, मितभाषी. कुठे एक शब्द अडला नाही. नावाच्या जागेपाशी आल्यावर मात्र ते थांबले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. स्वतःचं नाव त्यांना घेववेना. ते मी टाइप केलं.