बिनयमकाचं गाणं

ज्या दिवशी गायचं असे, त्या दिवशी रेडिओभाऊ सकाळपासून कुणाशी एक शब्द बोलत नसे. बायकोने काही विचारलं तर मान हलवी. लग्नघरच्या यजमानाने रामराम घातला तर नुसते हात जोडी. नवख्या माणसाला वाटे, गवई मोठा गर्विष्ठ दिसतो. एकदा मीच चिडून विचारलं. त्याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी मिळालं. "आवाज म्हंजे घागरीतलं पानी हाय, बापा. रस्त्यानंच सांडलं तं मांडवात का वाढू?"

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा गडचिरोलीसुद्धा चांदा जिल्ह्यातच मोडत असे. चामोर्शीकडच्या आमच्या गावात एक बँडपार्टी होती. लगीनसराईत वाजवायचं आणि बाकी वर्षभर धान पिकवायचं, असे आम्ही सगळे. मी ढोल वाजवी. क्लॅरनेट उस्तादाकडे होतं. पार्टी त्याची, शब्द त्याचा. आणि पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून सर्वांत पुढे गाणारा हा रेडिओभाऊ. खरा रेडिओ आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता, पण तो सगळ्या जगाची गाणी गातो एवढं ऐकून होतो. म्हणून ह्याला ते नाव पडलं. उस्ताद आणि तो लहानपणापासूनचे सोबती. दोघांनी मिळून ढोरं राखली होती, आणि एकाने पाव्यावर सूर धरला की दुसऱ्याने त्यावर शब्द बसवायचे, हा खेळ तेव्हापासूनचा.

गाणी तो स्वतः रचायचा. लिहिता येत नव्हतं. चालता चालता जुळवायचा. त्याची गाणी आठवडी बाजारात पोचत, तिथून धानाची रोवणी करणाऱ्या बायांच्या तोंडी जात, आणि कुणाची म्हणून कुणाला ठाऊक नसे. एकदा बांधावर उभा राहून त्याने स्वतःचंच गाणं बायांकडून ऐकलं. दोन ओळी बदललेल्या होत्या. मला म्हणाला, "पोरगी सासरी जाऊन सुधरली, पाह्य!"

पण आम्हाला लोक बोलावत ते त्याच्या चिडवणीच्या गाण्यांसाठी. नवरदेवाकडची वरात आली की त्यांच्या एकेका माणसाची टर उडवायची, आणि सारा मांडव हसवायचा. त्यासाठी तो दुपारभर चुलीपाशी, बैलबंड्यांपाशी मुकाट बसून राही आणि कान देऊन ऐके. बोलायचं नाही म्हणजे विचारायचंही नाही. कानावर अर्धं पडे, उरलेलं यमकाने पुरं होई.

त्या वैशाखात आम्ही जंगलाच्या कडेच्या एका गावी लग्नाला गेलो होतो. वरातीचा एक बंडीवाला दुसऱ्याला सांगत होता, "नवरदेवाचा थोरला भाऊ म्हैस शोधाले गेल्ता रानात..." तेवढ्यात त्याला कुणी हाक मारली आणि तो उठून गेला. रेडिओभाऊला तेवढं पुरलं. वरात मांडवात बसली, उस्तादाने सूर दिला, मी ठेका धरला आणि भोंग्यातून गाणं निघालं:

"थोरला गेला रानात म्हैस शोधाले,
म्हैस आली घरी, कोन जाते थोरल्याले आनाले?"

वधूकडची माणसं हसली. पण ते हसू अर्ध्यातच थांबलं, कारण वरातीकडचं एकही माणूस हसत नव्हतं. नवरदेवाची आई कण्हल्यासारखा आवाज काढून खाली बसली. मग कळलं. म्हैस खरंच एकटी घरी आली होती. थोरल्याला आणायला माणसं गेली तेव्हा वाघाने फारसं काही ठेवलं नव्हतं. त्याला वर्षही झालेलं नव्हतं.

नवरदेवाचा बाप उठला. "आमच्या मेलेल्या पोरावर हसाले बोलावलं काय आमाले? जुंपा बंड्या!" वरातीतल्या पोरांनी बंड्यांच्या बाजूचे उभे दांडके, उभाऱ्या, उपसल्या आणि आम्हाला घेरलं. वधूचा बाप ज्याच्या त्याच्या पायाशी वाकत होता. नवरी मांडवाच्या दारात हळदीच्या अंगाने उभी होती. वरात परतली तर तिच्या कपाळी काय येणार, ते सगळ्यांना दिसत होतं. उस्ताद दबक्या आवाजात म्हणाला, "पळ रेडिओ, मागच्या बाजूनं पळ."

रेडिओभाऊने भोंगा खाली ठेवला. उगारलेल्या उभाऱ्यांमधून तो सरळ त्या आईकडे गेला आणि तिच्यासमोर मातीत बसला. त्या दिवसाचं त्याचं पहिलं बोलणं ते. "बाई, मले ठाऊक नव्हतं. मारा म्हना, मी उठत नाई. पन लगन मोडू नोका. पोरीचा का दोष?"

बाईने त्याच्याकडे पाहिलं. "त्याचं नाव घेऊन गा," ती म्हणाली. "आता. साऱ्यांसमोर. हसाचं नाई पायजे."

क्षणात ओळी जुळवणारा तो माणूस, पण त्याला एक शब्द सुचेना. मागे एक पोरगा उभारी पेलत ओरडला, "गात काऊन नाई आता?" शेवटी रेडिओभाऊ म्हणाला, "बाई, नाव का होतं त्याचं? तुमी सांगा. सारं सांगा."

"देवाजी," ती म्हणाली. आणि सांगू लागली. तो आंबील उभ्यानेच प्यायचा. म्हशीला जीभ टाळूला लावून हाक मारायचा. धाकट्याच्या लग्नात मीच नाचीन म्हणायचा. ती सांगत गेली तसा रेडिओभाऊ तेच शब्द सुरात घेत गेला. ना यमक, ना ठेका, ना भोंगा. आंबील उभ्यानं पेत होता माय, देवाजी माझा. पोरांच्या उभाऱ्या हळूहळू खाली आल्या. बाप तोंड फिरवून खांबाला टेकला होता. गाणं संपल्यावर आईच म्हणाली, "लावा लगन."

लग्न लागलं. आम्ही न जेवता निघालो.

त्यानंतर रेडिओभाऊने चिडवणीचं गाणं म्हटलं नाही. उस्तादाने समजावलं, मग शिव्या दिल्या. त्यात त्या लग्नाची बातमी पसरली आणि भलतंच झालं. रानात, तापात, बाळंतपणात गेलेल्यांच्या घरची माणसं त्याच्या दारी येऊ लागली. तो चालत त्यांच्या गावी जायचा, नाव विचारायचा, सारं ऐकून घ्यायचा आणि गायचा. उस्ताद भडकला. "मयतीच्या गवयाले लगनात कोन बोलावल? पार्टी बुडवतं काय माही?" त्याने भोंगा दुसऱ्याला दिला आणि रेडिओभाऊच्या हातात झांज देऊन त्याला शेवटच्या रांगेत उभं केलं. मला वाटलं, हा पार्टी सोडून जाईल. तो गेला नाही. म्हणाला, "गावाची पार्टी हाय. झांजही कोनी तरी वाजवलीच पायजे." पण ते दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. एकाच बंडीत तोंडं फिरवून बसायचे, आणि आम्ही बाकीचे मधे अवघडून. पुढच्या कितीतरी लगीनसराया अशाच गेल्या.

मग उस्तादाचा एकुलता मुलगा बबन हिवतापाने गेला. रेडिओभाऊ खांदा द्यायला होता, पण तेव्हाही बोलणं झालं नाही. तेराव्यानंतर एका सकाळी उस्ताद त्याच्या अंगणात येऊन उभा राहिला. मी तिथे ओसरीवर दोर वळत बसलो होतो. उस्ताद बसेना. रेडिओभाऊनेच बाज पुढे ओढली.

"मले सारं ठाऊक हाय त्याचं," तो म्हणाला, "तरी तू सांग."

उस्ताद सांगत राहिला. बबन झोपेत दात खायचा. क्लॅरनेटच्या तोंडाची पत्ती चोरून चघळायचा. नदीला भ्यायचा. सांगून झाल्यावर त्याने वर पाहिलं आणि वाट पाहू लागला. रेडिओभाऊने तोंड उघडलं. सूर उमटला नाही.

"नाई होत, उस्ताद," तो म्हणाला. "दुसऱ्यांच्या पोराईचं गातो मी. ह्याले मी खांद्यावर खेळवलं. नाई होत मले."

मला वाटलं, उस्ताद आता उठून जाईल. तो उठला नाही. जन्मभर त्याने दुसऱ्याच्या गळ्यामागून क्लॅरनेट फुंकलं होतं. त्याला गाताना आम्ही कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्याने बाजेची कडा घट्ट धरली आणि फाटक्या, बेसूर आवाजात मुलाचं नाव घेतलं. एकदा, मग पुन्हा. रेडिओभाऊ त्याच्या पायाशी जमिनीवर बसला आणि तळहाताने मातीवर हळू ताल देऊ लागला. उस्तादाचा आवाज अडला की ताल थांबे. उस्ताद श्वास घेई, तोवर तो वाट पाही. मी दोर खाली ठेवला.