माझ्या यादीत नसलेलं नाव

जूनचा पहिला रविवार, सकाळचे नऊ. मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं, ते वर्ष. हजर: झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, मी, सात मुलं, चार मुली आणि खंडेराव गेटच्या एका घरातली सून, तिच्या सासूबाईंसह. गैरहजर: ज्यांनी शपथेवर येतो म्हणून सांगितलं होतं ते सगळे.

ती वही अजून माझ्याकडे आहे. रेल्वेच्या कचेरीत माझं काम हजेरीपटाचं, त्यामुळे मंडळात कुठलंही काम निघालं की यादी माझ्याकडे येई. या वेळचं काम होतं झाशीतल्या मराठी घरांमधल्या नव्या मतदारांची नावं नोंदवण्याचं. अध्यक्षांना मंडळाच्या हॉलचं गळकं छप्पर दुरुस्त करून घ्यायचं होतं आणि उमेदवारासमोर धरायला हातात काहीतरी हवं होतं. मला मात्र खरोखर वाटत होतं, की ही मुलं मत द्यायला लागली तर त्यांना हे शहर आपलं वाटेल.

मुलं पंख्याखालची जागा धरून बसली. मी मराठीत बोलले, त्यांनी हिंदीत उत्तरं दिली, नेहमीसारखी.

"काकू, हमको तो यहाँ रहना ही नहीं है," एकजण म्हणाला. तो बँकेच्या परीक्षा देत होता. "भोपाल, दिल्ली, जहाँ नंबर लगे. वोट किसके लिए डालें?"

"समोसे मिलेंगे तो सोचेंगे," दुसरा म्हणाला. सगळे हसले. अध्यक्षही हसले.

तेव्हा ती सून बोलली. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, माहेर सागरचं, आणि मराठी आमच्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ. "भैया, तुम्ही झाशीत राहता की स्टेशनवर? गाडी येईपर्यंत पाणी तरी लागतं ना? आमच्या गल्लीत नळ पहाटे चारला येतो आणि अर्ध्या तासात जातो. मी पाच प्रश्न लिहून आणलेत. उमेदवार आला की विचारणार. पण ज्याचं मत नाही, त्याचं तो ऐकेल कशाला?"

समोसे मागणारा तो समोसेवाला म्हणाला, "भाभी, आप ही खड़ी हो जाओ."

"होईन. आधी मत तर देऊ दे."

त्या सकाळी अकरा फॉर्म भरले गेले ते तिच्यामुळे. माझ्या भाषणामुळे नव्हे.

तिचा स्वतःचा फॉर्म शेवटी राहिला. पेन हातात धरून तिने मला हळूच विचारलं, "काकू, शाळेच्या दाखल्यावर माझं माहेरचं नाव आहे. कोणतं लिहू?"

आमच्याकडे अजून लग्नात सुनेचं नाव बदलतात. ताटातल्या तांदळांत नवरा अंगठीने नवं नाव लिहितो, पेढे वाटतात, आणि त्या दिवसापासून घरात जुनं नाव कोणी उच्चारत नाही. माझंही बदललं होतं. मी विचारच केला नाही. "आता तुझं नाव हेच. हेच लिही," म्हटलं. सासूबाईंनी मान डोलावली. तिने लिहिलं. मी यादीत खूण केली.

जुलैत तो फॉर्म परत आला. वयाच्या पुराव्यावरचं नाव वेगळं, म्हणून नामंजूर. मी तिला निरोप पाठवला: दाखल्याशी नाव जुळत नाही, पुन्हा भर. तिने भरला, स्वतः जाऊन दिलाही. पुन्हा खूण. कोणत्या नावाने भरला हे मी विचारलं नाही. विचारायला हवं हे सुचलंच नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी गणपतीच्या कार्यक्रमांचं ठरवायला मी त्यांच्याकडे गेले होते. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. सासूबाई आणि मी खाली चहा घेत होतो, इतक्यात नावांच्या पडताळणीला हिंडणारे मास्तर दारात आले. घामाने भिजलेले, बगलेत कागदांचं पुडकं.

त्यांनी एक नाव वाचलं. मी ते कधी ऐकलं नव्हतं. "पिता सागर के हैं. ये यहीं रहती हैं?"

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "इस नाम की यहाँ कोई नहीं रहती, मास्टरजी."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते ओळखत होते, बरेच फॉर्म मीच जमा केले होते. "बहनजी, आपकी सूची में देख लीजिए."

मी वही उघडली, बोट खालपर्यंत नेलं आणि सांगितलं, "नहीं, मेरी सूची में ये नाम नहीं है."

त्यांनी कागदावर तिरकी रेघ मारली आणि ते बाहेर पडले.

"वहिनी, सागर म्हणाले ना ते? तुमच्या सुनेचंच तर नव्हे?" मी विचारलं.

"तिचंच," सासूबाई म्हणाल्या. "पण ते नाव लग्नात संपलं. आता सरकारी कागदावर उगवायला नको. उद्या म्हणेल नोकरी करते, परवा म्हणेल निवडणुकीला उभी राहते. तू चहा घे, गार होतोय."

मास्तर शेजारच्या दारात उभे होते. त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. चार पावलं टाकून हाक मारली असती तर रेघेखाली दुरुस्ती झाली असती. पण गणपतीचा सगळा स्वयंपाक या वहिनींच्या शब्दावर चालायचा, बायका त्यांच्या सांगण्यावरून यायच्या. घरातली गोष्ट घरात राहू दे, असं मी स्वतःला समजावलं. चहा घेतला. गच्चीवरून ती खाली आली तेव्हा मी तिच्याशी मोदकांबद्दल बोलले.

नोव्हेंबरात मतदान झालं. लक्ष्मी गेटजवळच्या शाळेबाहेर टेबल मांडून मी यादीत नाव शोधून मतदारांना चिठ्ठ्या काढून देत होते. ती सकाळी सातलाच आली. सोबत समोसेवाला, बँकवाला आणि आणखी तिघं. तिनेच त्यांना घरोघरी जाऊन उठवलं होतं. मुलांच्या चिठ्ठ्या निघाल्या. तिची निघाली नाही. तिने माझ्या हातातून याद्या घेतल्या आणि दोन्ही नावं स्वतः शोधली, दोनदा.

"पडताळणीला कोणी आलंच नाही का आमच्याकडे?"

"कुणास ठाऊक," मी म्हणाले.

"तुमच्या वहीत तर माझ्यापुढे खूण आहे, काकू."

मी पुढच्या माणसाची चिठ्ठी शोधायला लागले. मुलं बोटाला शाई लावून बाहेर आली. समोसेवाल्याने हौसेने बोट तिच्यापुढे धरलं आणि तिचा चेहरा पाहून खिशात घातलं. "भाभी, हमें तो आप ही लाई थीं," एवढंच म्हणाला. ती एकटीच निघून गेली.

उमेदवार मंडळात आला होता तो निवडणुकीआधी, एकदाच. हार घालून घेतला, फोटो काढला, छपराकडे पाहून मान हलवली. त्या दिवशी सासूबाईंनी तिला पाठवलं नव्हतं. तिचे पाच प्रश्न कोणी विचारले नाहीत. तिने जूनमध्येच माझ्याकडे दिलेला प्रश्नांचा कागद माझ्या वहीत होता, तरी मीही विचारले नाहीत.

याला आता सहा वर्षं झाली. बँकवाला भोपाळला गेला. छप्पर गळतंच आहे. मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष दर वेळी विचारतात, तरुण मंडळी का येत नाहीत हो? आणि दर वेळी सगळे टीव्हीला दोष देतात. मीही देते. सासूबाई गेल्या वर्षी वारल्या, तेव्हा दारात तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "नमस्ते जी, बैठिए." मराठीत नाही. आता माझ्याशी ती हिंदीतच बोलते.

यंदा याद्या पुन्हा उघडल्या आहेत. मी तिच्यासाठी कोरा फॉर्म आणला आहे. अर्जदाराला ओळखणाऱ्याची सही लागते, ती मी करून ठेवली आहे. नावाची ओळ रिकामी आहे. कोणतं लिहायचं हे तिला विचारायचं, आणि विचारण्याआधी ऑगस्टमधली ती सकाळ सांगायची. मुदत शनिवारी संपते. माझ्या घरापासून खंडेराव गेट पायी दहा मिनिटांवर आहे. फॉर्म तीन आठवडे पिशवीत आहे.