पायवाटेचं वळण
ओल्या सिमेंटचा वास आला की नाशिक रोडची ती सकाळ आठवते. आमच्या कॉलनीतून स्टेशनला जायला एका मोकळ्या प्लॉटमधून पायवाट पडली होती. त्या दिवशी वडिलांबरोबर कॉलेजला निघाले, तर वाटेत नवी भिंत आडवी. मालकाने ती आदल्या संध्याकाळीच बांधून घेतलेली. गाडीची वेळ झाली होती, आणि भिंतीपाशी स्टेशनला निघालेल्यांची गर्दी साचली होती. "घाला लाथ," कुणीतरी म्हणालं आणि सगळे भिंतीला भिडले. पलीकडे भिंतीवर पाणी मारणारा गवंडी ओरडत होता, "थांबा, मी हाय इकडं, लय ओली हाय ती." भिंत त्याच्याच अंगावर गेली. त्याचा पाय गुडघ्यातून उलटा वळला होता, रक्त सिमेंटच्या चिखलात मिसळत होतं. वडील खाली बसून विटा उपसू लागले. "रस्त्यात काय बसता," म्हणत एकाने त्यांना लाथ मारली, आणि बाकीचे त्या दोघांना वळसा घालून गाडीकडे पळाले. भिंत पुन्हा झाली नाही. विटांचा ढीग मात्र बरीच वर्षं तिथेच पडून होता. आता मी शहरातल्या रस्त्यांची आखणी करते. परवा माहेरी गेले होते. ढीग केव्हाच गेलाय, तरी पायवाट त्या जागी अजून वाकते, आणि माणसं मुकाट्याने वळसा घालून गाडी गाठतात.